मधे न बोलणारा बाप

माझी मुलगी सहावीत असताना तिच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी आम्हा पालकांना एका शनिवारी मैदानावर बोलावलं होतं. मैदान म्हणजे शाळेमागच्या गायरानाचं एक टोक. मुलींनीच आठ दिवस दगड वेचून, काटे झाडून ते खेळण्याजोगं केलेलं. पलीकडच्या हायवेवरून ट्रक गेला की कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि सर तेवढा वेळ थांबत. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला हा माणूस मुलींचा फुटबॉल संघ काढणार म्हटल्यावर गेवराईत बऱ्याच जणांना हसू आलं होतं. मलाही.

ते म्हणाले, "माझ्याकडून तुमाला काय पायजे, ते आत्ताच विचारून घ्या."

एका आईने विचारलं, पोरींनी फुल पँट घातली तर चालेल का. चालेल म्हणाले. बाकी कुणी काही विचारलं नाही. मग तेच बोलायला लागले. प्रत्येक पोरगी प्रत्येक सामन्यात थोडी तरी खेळेल, कशी का खेळेना. जिला लागलंय तिला मी उतरवणार नाही, सामना कोणताही असो. बाहेरगावी गेलो तर शेवटची पोरगी तिच्या दारात पोचल्याशिवाय मी माझ्या घरी जाणार नाही. आणि तुम्ही रेषेबाहेरून ओरडायचं नाही.

मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? हे तर कुणीही करील.

मी गेवराईजवळच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. आमचं मूळ आष्टीकडचं. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठी यायचे, पुढे इथेच राहिले. आमच्या घरात मैदानावर खेळलेलं कुणी नव्हतं. पोरगी अंगाने किरकोळ, पण चेंडू तिच्या पायाशी आला की तिथेच राहायचा. घरी आली की स्वयंपाकघरात वाट्या मांडून आईला सगळा सामना सांगायची. ही मी, ही त्यांची उंच पोरगी, आणि हे लिंबू म्हणजे चेंडू. तिची आई भाकरी थापता थापता हं हं करायची आणि मधेच विचारायची, "मंग त्या उंच पोरीला लागलं तर न्हाई ना?"

संघ मात्र हरायचा. जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात पाच गोल बसले. त्यातही सरांनी शेवटची दहा मिनिटं एक अशी मुलगी उतरवली, जिला चेंडू कुठल्या बाजूला मारायचा हेही धड कळत नव्हतं. परतताना जीपमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. मी पुढे बसलो होतो आणि मला राग आला होता. हरल्यावर गाणी सुचतातच कशी?

ती आठवीत गेली तेव्हा बीडमध्ये एका तरुण प्रशिक्षकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच्याकडच्या मुली राज्यापर्यंत खेळल्या होत्या. राज्यावर खेळलं की दहावीला वाढीव गुण, पुढे भरतीत खेळाडू म्हणून जागा, हे आम्ही बाप लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगत असू. मी पोरीला घेऊन गेलो. त्याने तिला वीस मिनिटं पळवलं आणि म्हणाला, "घेतो. पण एक सांगतो दादा. तीन वर्षं माझ्यावर सोडायची. मधे बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार सर," मी म्हणालो. मला तो कडकपणा आवडला. असा माणूसच काहीतरी घडवतो, असं मला वाटलं.

शाळेतल्या सरांना सांगायला गेलो तेव्हा ते चेंडूंना हवा भरत बसले होते. रागावले नाहीत. "जाऊ द्या," म्हणाले. "फकस्त रोज घरी आल्यावर तिला मजा आली का, ते विचारत जा. जिंकली का, हे लोक विचारतेलच."

मी हो म्हणालो. पुढच्या दोन वर्षांत मी ते एकदाही विचारलं नाही.

दुपारी शाळा सुटली की ती एसटीने बीडला जायची, अंधार पडायच्या आत परत यायची. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जाई. बीडचे सर चांगलं शिकवायचे, हे खोटं नाही. पोरगी झपाट्याने सुधारली. पण चुकणाऱ्या मुलीला ते साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलायचे. एकदा माझ्या मुलीच्या पायातून चेंडू निसटला तेव्हा ओरडले, "ए म्हशी, झोपलीस का?" बाकावर बसलेले दोघे-तिघे बाप हसले. मीही हसलो. तिने वळून पाहिलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. ती नजर मला आजही दिसते.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडणं थांबलं. ती यायची, जेवायची, अभ्यासाला बसायची. तिची आई म्हणाली, "पोरगी बोलंना झाली." मी म्हणालो, मोठी होतेय.

नववीत तिचा बीडचा संघ विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. जिंकले की राज्यावर. मी रजा टाकून गेलो होतो. ऊन कडक होतं. सामना सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं की पोरगी उजवा पाय पूर्ण टेकवत नाहीये. वळताना डाव्यावर वळते, थांबताना उजवा हलका ठेवते. माझा जन्म मेंढरांत गेला. शंभर मेंढरांच्या कळपात कुठलं लंगडतंय ते मला लांबून कळतं. दवाखान्यात गाय दारातून आत येईपर्यंत कुठला खूर दुखतोय ते मी डॉक्टरांना सांगतो.

मध्यंतरात मी रेषेपाशी गेलो. सर मुलींना काहीतरी समजावत होते. पोरगी पाण्याची बाटली घेऊन खाली बसली होती. गुडघ्याला पट्टा होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"सर, तिचा पाय दुखतोय का?"

त्यांनी मान न वळवताच विचारलं, "राज्यावर जायचंय का न्हाई?"

"जायचं की."

"मंग बसा तिकडं."

मी पोरीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. मी परत येऊन बसलो. तेवढ्यात मी तिचा हात धरून तिला बाहेर आणू शकलो असतो. कुणीही मला अडवलं नसतं. ती माझी मुलगी होती.

उत्तरार्धात, आमचा एक गोल झालेला असताना, तिने चेंडू अडवायला वळण घेतलं आणि ती खाली बसली. कुणी तिला धक्काही दिला नव्हता. ती रडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून जमिनीकडे बघत राहिली. दोघींनी उचलून तिला बाहेर आणलं, राखीव मुलगी आत गेली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासणीचे फोटो उजेडासमोर धरले. गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटलाय म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "ही एका दिवसाची दुखापत नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी अर्धवट फाटला असणार. तेव्हाच विश्रांती दिली असती तर कदाचित एवढं झालं नसतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

पोरगीच म्हणाली, "सरावात मुरगाळला व्हता. सरांना सांगितलं व्हतं. ते म्हणले स्प्रे मार, घरी सांगू नको, घरचे घाबरतेत."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात तिची आई तिला पाणी देत होती. मी विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलं बाळा?"

"तुमाला सांगून काय झालं आसतं पप्पा?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी सरांनाच फोन करून विचारलं आसतं. सर म्हणले आसते, काय न्हाई झालं. मंग तुमी पण तेच म्हणले आसते."

तिची आई माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

बीडचे सर भेटायला आले नाहीत. शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचा फोन आला तो जर्सीसाठी. तिच्या नंबरची जर्सी राज्यावर दुसऱ्या मुलीला लागणार होती. मी ती धुऊन, घडी घालून बीडला घेऊन गेलो. वाटेत मनात बरंच काही ठरवलं होतं. मैदानावर ते नव्या मुलींना पळवत होते, आणि कडेला नवे पालक उभे होते.

मी म्हणालो, "सर, एक शब्द सांगायचा व्हता मला."

त्यांनी जर्सी घेतली. तोंड उतरलेलं होतं, त्यांनाही झोप लागत नसावी असं वाटलं. पण म्हणाले, "दादा, तुमीच म्हणला व्हता, मधे बोलणार न्हाई."

मी एसटी पकडून परत आलो.

शाळेतले सर तोवर निवृत्त झाले होते. ते दोनदा घरी येऊन गेले. पोरीजवळ बसले, तिच्याशी दहावीच्या भूमितीबद्दल बोलले, खेळाचं नाव काढलं नाही. निघताना मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मास्तरला विचारायला लाजू नये. पोरगी आपली आस्ती." आणि चपला ओढत निघून गेले.

पोरगी आता बीडला कॉलेजात आहे. चालते नीट, पळत नाही. टीव्हीवर फुटबॉल लागला तर उठून आत जाते. आम्ही तो विषय काढत नाही. तीही काढत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक शेतकरी दवाखान्यात शेळी घेऊन आला होता. त्याची मुलगी सातवीत होती, चांगली खेळायची, आणि तो तिला बीडच्या त्याच सरांकडे घालणार होता. माझी मुलगी तिथे होती हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सर कसे आहेत, त्याने विचारलं. मी हातातलं काम बाजूला ठेवून त्याला सगळं सांगितलं. पट्टा, स्प्रे, मध्यंतर, मी परत येऊन बसलो ते. कधी कुणाला इतकं सांगितलं नव्हतं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधे मधे अरेरे म्हणत होता.

मी थांबलो तेव्हा त्याने शेळीची दोरी हाताला गुंडाळली आणि जरा चाचरत विचारलं, "पर मंग, टीम राज्याला गेली का?"

"गेली," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि शेळी घेऊन तो बाहेर पडला.