डहाणूचा एक मार्क

पेटीत एक चिकू पिकला की बाकीचे आपोआप पिकतात. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. भावेशने एक काढला की नलूताईंना दुसरा आठवतो, तोवर मला तिसरा, आणि काम राहतं बाजूला!

कामही भन्नाटच. परदेशातली एक संस्था देशोदेशींचं प्रगतिपुस्तक काढते. राजकीय पक्षांना पैसा कुठून येतो, हे तिथल्या साध्या माणसाला कितपत कळतं? आपल्या भागातली उत्तरं गोळा करायचं काम डहाणू रोडला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत बसून आम्ही तिघं करतो. प्रत्येक प्रश्नाला दोन रकाने: 'कायद्यात' आणि 'प्रत्यक्षात'. पहिल्यात थोडेफार मार्क पडतात. दुसऱ्यात आमच्या डहाणू-तलासरीचं कायम शून्य!

नलूताई आमच्या प्रमुख. शाळेतून रिटायर झालेल्या बाई. पेपर कोरा असला तरी नाव नीट लिहिलं म्हणून एक मार्क द्यायच्या. आणि इथे दर वेळी स्वतःच्याच भागाला शून्य! यंदाची फेरी त्यांची शेवटची. "जाता जाता एकदा तरी तिथे एक मार्क लिहायचाय गं मला. पण खराखुरा," असं म्हणाल्या तेव्हा आवाज जरा ओला झाला होता.

* * *

खालच्या चहावाल्या काकांना आमचं काम समजावताना माझी पार दमछाक झाली.

"म्हणजे तुम्ही पक्षवाल्यांचा पैसा मोजता?"

"नाही काका, तो लोकांना दिसतो का, ते मोजतो."

"आणि नाही दिसला तर?"

"तर शून्य लिहितो."

काका गाळणी हातात धरून बघतच राहिले. "आणि त्याचा पगार मिळतो?"

* * *

एकदा आम्ही एका पक्षाच्या तालुका ऑफिसात गेलो. खजिनदारसाहेबांनी प्रेमाने बसवलं, सरबत मागवलं. नलूताईंनी प्रश्न विचारला, "वस्तूंच्या रूपात कधी देणगी मिळते का?"

"छे छे! आम्ही कुणाचं काही घेत नाही हो बाई!"

नलूताई शांतपणे उठल्या आणि आपल्या खुर्चीच्या मागे गेल्या. पाठीवर ठळक लाल अक्षरांत: 'सप्रेम भेट', खाली एका व्यापाऱ्याचं नाव. भावेशनेही उठून आपली खुर्ची पाहिली. तिच्यावर त्याच व्यापाऱ्याचा भाऊ!

"मग ही काय?"

खजिनदार जराही डगमगले नाहीत. "बाई, ती देणगी नाही, ती खुर्ची आहे!"

नलूताईंनी त्यावर मार्क मागून पाहिला. पण परदेशातल्या परीक्षकांनी कळवलं, खुर्ची पुरावा म्हणून चालत नाही.

* * *

मग एकदा सगळ्या देशांच्या मंडळींची व्हिडिओ मीटिंग झाली. एका थंड देशातली बाई म्हणाली, "आमच्याकडे कुणी देणगी दिली की महिनाभरात ती वेबसाइटवर दिसते." काय तो तिचा तोरा! दुसऱ्या देशातला एक गृहस्थ कपाळावर हात मारून म्हणाला, "आमच्याकडे देणगीदाराच्या जागी नुसतं 'हितचिंतक' लिहितात. कोण, कुठला, काही पत्ता नाही."

भावेशला एकदम उमाळा आला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, मग आम्ही तुमच्या पुढे आहोत! आमच्याकडे फ्लेक्सवर शुभेच्छुकाचा गॉगल लावलेला फोटो असतो!"

नलूताईंनी घाईघाईने माईक बंद केला.

* * *

कासा गावात जीपची वाट बघताना एक ड्रायव्हर भेटला. निवडणुकीत त्याची एकच जीप तीन उमेदवारांसाठी फिरायची. चारोटीला आला की झेंडा बदलायचा. मी विचारलं, "भाऊ, डिझेल कोण भरतं?"

"पुढच्या सीटवर बसेल तो."

"आणि पुढे कुणी बसलंच नाही तर?"

"ताई, असं झालंय का कधी?"

* * *

आता शेवटचा.

तलासरीकडच्या एका पाड्यावर लक्षीताई नावाच्या बाई पंचायत समितीला उभ्या होत्या. प्रचाराच्या ऑफिसचं उद्घाटन होतं. आम्ही तिघं मागे बसलो. आमची ही शेवटची भेट. इथेही काही सापडलं नाही तर शून्य पक्कं. नलूताईंनी वाटेतच कागद-पेन काढून ठेवलं होतं.

दारात मांडव. माईक जान्यामामांच्या हातात. आसपासच्या सगळ्या लग्नांत आहेर पुकारायचा मान त्यांचाच. मांडव दिसला, माईक मिळाला, समोर ताट आलं. मामांना दुसरं काही येतच नव्हतं. माणूस आला, ताटात किंवा ताटाशेजारी काही ठेवलं की मामा सुरू: "देवजीभाऊंकडून तांदळाची गोणी! सरावलीच्या मावशींकडून कोंबडा, जिवंत!"

नलूताई ताठ झाल्या. माझा हात घट्ट धरला.

एवढ्यात खडी क्रशरवाले शेठ आले. समोरच्या उमेदवाराच्या फ्लेक्सवर गॉगल लावलेले शुभेच्छुक हेच. त्यांनी लक्षीताईंच्या भावाला बाजूला घेऊन गुपचूप पाकीट दिलं. भाऊ बिचारा भोळा. त्याने रीतीप्रमाणे ते ताटात ठेवलं. मामांनी फोडलं, मोजलं, आणि शेठचं नाव आणि आकडा सगळ्या पाड्याला ऐकवला!

भावेश पुटपुटला, "मरी गया शेठ!"

शेठ घामाघूम. पण मामांचं अजून संपलं नव्हतं. लग्नात आहेर पुकारला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मामांनी माईक सरळ शेठच्या तोंडासमोर धरला. "शेठ, कोनाकडचं सांगू? नवऱ्याकडचं का नवरीकडचं?"

शेठ गडबडून म्हणाले, "दोन्हीकडचं!"

मांडव जो हसायला लागला, तो थांबेचना. लक्षीताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. नलूताईंनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, 'प्रत्यक्षात'च्या रकान्यात एक मार्क लिहिला. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

तो मार्क मंजूर झाला. त्याआधी परीक्षकांचा फक्त एक प्रश्न आला होता: 'तुमच्या भागात देणगीची माहिती नागरिकांपर्यंत किती दिवसांत पोचते?'

नलूताईंनी चष्मा पुसला आणि उत्तर टाइप केलं: 'आवाज पोचायला लागतो तेवढ्या वेळात.'