गूळबाजारातलं नाक

‘आधी सांगा पावणं, घरात शिजलंय काय?’

माझ्या दुकानात वाइन घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आबांचा हा पहिला प्रश्न असे. गिऱ्हाईक बाटल्यांकडे बघत असे आणि आबा गिऱ्हाइकाकडे. उत्तर मिळेपर्यंत बाटलीला हात लावू देत नसत. एकदा सुटाबुटातले एक साहेब चिडून म्हणाले, ‘माझ्या घरच्या स्वयंपाकाशी तुम्हाला काय करायचंय?’ आबा शांतपणे म्हणाले, ‘मला काय न्हाय. बाटलीला करायचंय.’ साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच ‘सुकट’ म्हणून सांगितलं.

आबा माझे नातेवाईक नव्हते आणि नोकरही नव्हते. त्यांचा सारा जन्म कोल्हापूरच्या गूळबाजारात गेला. सौद्याच्या वेळी व्यापाऱ्यांना गूळ पारखून द्यायचा हे त्यांचं काम. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा मोडायचा, आधी हुंगायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि ऊस कुठल्या रानातला ते सांगायचं. खारवट जमिनीतला, नदीकाठचा, की डोंगरउताराच्या तांबड्या मातीतला. स्वतः कुरुंदवाडकडचे, त्यामुळे नदीकाठच्या गुळाचं कौतुक जरा जास्तच. काम सुटल्यावर या नाकाचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला होता. तो त्यांनी माझ्या दुकानात येऊन सोडवला.

दुकान मला वडिलांकडून मिळालं. तिथं खपायचं ते निराळंच. वाइनच्या बाटल्या आपल्या शोभेला, पश्चिमेच्या काचेपाशी ओळीनं मांडलेल्या. आबांनी जावयासाठी त्यातली एक नेली आणि दुसऱ्या दिवशी उघडलेली बाटली घेऊन हजर झाले. मला वाटलं, भांडायला आले.

‘ही उन्हात शिजलीया,’ ते म्हणाले. ‘गुळाच्या काहिलीत पाक पुढं गेल्यावर येतो तसा वास मारतोय. कुठं ठेवतोस?’

मी काचेकडे बोट दाखवलं. बाटल्यांवर दुपारचं रणरणतं ऊन पडलं होतं. आबांनी उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘शिकलायस किती?’

‘बी. कॉम.’

‘दिसतंय,’ ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि आबांसाठी पुढे एक स्टूल आलं.

दुकानात बाटली फोडायला परवानगी नाही. म्हणून चव घ्यायची बैठक रविवारी सकाळी, चहाच्याही आधी, आमच्या घरच्या गच्चीवर. ‘सकाळची जीभ कोरी असती,’ आबा म्हणत. पेला हलवायचा, तळव्यानं झाकून धरायचा, मग हात काढून नाक थेट आत. घोट तोंडात घोळवून शेवटी पितळी तस्तात थुंकायचा. ‘एवढ्या महागाचं थुंकतंय की हे माणूस!’ आई जिन्यातून ओरडायची. ‘वहिनी, गिळलं की पारख संपली आन् पिणं सुरू झालं,’ हे त्यावरचं उत्तर. मग चार फुटाणे चावून पुढची बाटली.

बाटल्यांच्या मागे छापलेलं त्यांनी कधी वाचलं नाही. न्यूझीलंडची पांढरी हुंगली की म्हणायचे, ‘ढबू मिरची. नुकती चिरल्याली.’ ऑस्ट्रेलियाच्या शिराजला खलबत्त्यात कुटलेली काळी मिरी. इटलीच्या एका लाल वाइनला ‘चिंच आन् नवं पायताण’. जर्मनीची रिस्लिंग नाकाशी नेली आणि आबा दचकलेच. ‘आयला, घासलेट!’ पुन्हा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं आणि चेहरा उजळला. ‘पण भ्यायचं न्हाय. हिचं कूळच त्ये हाय.’ पुढे कधीतरी मी एका जाणकाराला हे घाबरत घाबरत विचारलं, तर तो म्हणाला, अगदी बरोबर आहे. फ्रान्सच्या एका फार महागड्या बाटलीला मात्र त्यांनी नाक मुरडलं. मी किंमत सांगितली. ‘म्हाग हाय म्हणून चांगली म्हणू? मग सोनंच चाटा की!’

तांबड्या रश्शासाठी लाल वाइन मागणाऱ्यांशी त्यांचं कायमचं वैर. ‘तांबड्याला तांबडी? सोयरीक जुळवताय व्हय? तिखटावर तुरट वतली की तोंडात जाळ हुतोय. जराशी गोडसर पांढरी न्या, गार करून.’ नाशिकची पांढरी शेनिन ब्लांक त्यांनी या गावात मटणाबरोबर रुजवली, हे मी छातीठोकपणे सांगतो. गिऱ्हाइकं शिव्या देत घेऊन जायची आणि पुढच्या बुधवारी दोन न्यायला यायची.

मग कोरोनाच्या लाटेत आबांना ताप आला. आठ-दहा दिवसांत उठले, पुन्हा गच्चीवर आले. पण पहिल्या रविवारी म्हणाले, बाटली फार गार हाय. दुसऱ्या रविवारी म्हणाले, वारं सुटलंय. तिसऱ्या रविवारी पेला धुतलेला नाही म्हणून मलाच झापलं. मी मुकाट्यानं पेला पुन्हा धुतला. माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

चौथ्या रविवारी पुण्याच्या रस्त्याला नवं हॉटेल काढणारे एक मालक आले. त्यांच्या मेनूकार्डासाठी आबांनी सहा वाइन निवडून द्यायच्या आणि माल माझ्याकडून जायचा, असं ठरलं होतं. एवढं मोठं काम माझ्या दुकानाला पहिल्यांदाच मिळत होतं. मालकांनी एका नव्या वायनरीची लाल वाइन सोबत आणली होती. आबांनी पेला हलवला, वर तळवा धरला, नाक आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग पेला खाली ठेवून म्हणाले, ‘मला वास येत न्हाय. महिना झाला.’

मालक हसले. त्यांना थट्टा वाटली.

‘गोड, आंबट, कडू एवढं कळतंय,’ आबा म्हणाले. ‘त्ये बाळालाबी कळतंय.’

‘मग हरकत काय आबा? तुम्ही नुसतं बरं म्हणा. कार्डावर तुमचं नाव घालतो, गाव डोळे झाकून पिणार!’

‘न चाखता बरं म्हणणारे बाजारात लय बघितल्यात मी,’ आबा म्हणाले. ‘त्येंच्यात बसायचं न्हाय मला.’ आणि उठून जिना उतरून गेले.

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडणार होतं? मालकांकडे आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि संध्याकाळी आबांच्या घरी गेलो. आबा आतल्या खोलीत होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, मला बाहेर घेऊन आल्या. जन्मभर या माणसानं काकींच्या हातच्या प्रत्येक जेवणाला नाव ठेवलेलं. हिंग जास्त, खोबरं खवट, मसाला कच्चा. ‘आता पुढ्यात ठेवलं की गप जेवत्यात,’ काकी म्हणाल्या. ‘शिव्या दिल्या तरी चालतील रं. पर हे गप जेवणं बघवत न्हाय मला. फोडणी तरी कुणासाठी घालू?’

मी आत गेलो आणि आबांना म्हणालो, ‘तुमचं नाक गेलंय, डोकं नाही गेलं. मी हुंगतो, तुम्ही सांगा.’

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘बी. कॉम.चं नाक!’ म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

पहिली बाटली हुंगून मी म्हणालो, ‘चांगली आहे.’

‘चांगली तर आमची म्हसबी हाय. वास कशाचा?’

‘फळाचा.’

‘कंच्या? कच्च्या का पिकल्या? झाडावर का टोपलीत?’

त्या आठवड्यात त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघरातला डबा न् डबा डोळे मिटून हुंगायला लावला. एकदा मी त्यांना खूश करायला जांभूळ म्हणालो. त्यांनी दोन बाटल्या मध्ये घालून तीच पुन्हा दिली, तर मी करवंद म्हणालो. आबा एवढे भडकले की आई वर आली. ‘कळंना तर कळंना म्हण! तुझ्या थापंवर मी लोकांना काय सांगू?’ मालकांनी आणलेल्या त्या नव्या लाल वाइनची दुसरी बाटली फोडली, तेव्हा मी धीर करून खरं ते सांगितलं. ‘आबा, मला ओल्या पोत्याचा वास येतोय.’ मला वाटलं, आता मार खातो. आबांनी मांडीवर थाप मारली. ‘बूच नासलंय! परत पाठीव.’ तिसरी बाटली स्वच्छ निघाली. अशा सहा निवडून झाल्या, मालकांनी घेतल्या, कार्डावर नाव मात्र आबांनी घालू दिलं नाही. पुढची दोन वर्षं आमचं असंच चाललं. नाक माझं, निकाल त्यांचा. दुकानातला पहिला प्रश्न तेवढा ते पूर्वीसारखाच खणखणीत विचारत.

वास काही परत आला नाही. मग न्हाणीघरात पाय घसरला आणि आबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, काकी आत स्वयंपाक करत होत्या. आबांनी डोळे उघडले आणि हळूच विचारलं, ‘आत काय चाललंय रं? वास कशाचा?’

मी हुंगलं. आता मला सवयच लागली होती. ‘लसूण, आबा,’ मी कुजबुजलो. ‘लाल होऊन पुढे गेलाय.’

आबांनी छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि गूळबाजारातल्या आवाजात ओरडले, ‘अगं ए! लसूण करपतोय की तिकडं!’

काकी उलथनं घेऊन तशाच दारात आल्या. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘आलं व्हय तुमचं नाक?’

‘यायलंय थोडं थोडं,’ आबा म्हणाले. ‘आधी ग्यास बारीक कर.’

बाटलीबद्दल उभ्या जन्मात खोटं न बोललेला हा माणूस, पण त्या दुपारी त्याची पापणीसुद्धा लवली नाही. आतून काकींचा आवाज येत राहिला. मरणाच्या दारात बी नावं ठेवायची सोडत न्हाईत, काय माणूस म्हणायचा, काय जीभ म्हणायची. असं भरभरून भांडताना मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी आबांकडे बघून हसलो. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले.

पंधरा दिवसांनी आबा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि काकी येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होत्या. ‘जाताना देवानं नाक परत दिलं बघा त्येंचं. मी आत, हे बाहीर, आन् तिथनं लसणाचा वास आला त्यांस्नी.’ मला बघितल्यावर त्यांनी हात धरून पुढे ओढलं. ‘ह्यो हुता की तिथं. इचारा ह्येला. व्हय का न्हाय रं?’

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

‘व्हय काकी,’ मी म्हणालो. ‘लसूण करपलाच होता.’