काकांनी उभ्यानं खाल्लेलं शहर

तुम्ही एखादं शहर कधी उभ्यानं खाल्लं आहे का? माझ्या तांदूळवाल्या काकांनी खाल्लं आहे. मुलीकडे स्पेनला गेले आणि सेव्हिल असं फस्त करून आले की तिथल्या महापौरालाही ते एवढं ठाऊक नसेल. त्यांच्या नकाशात रस्ते नाहीत. तळलेल्या मासोळीच्या डाव्या हाताला जगप्रसिद्ध चर्च येतं, आणि पालक-चण्याच्या मागे नदी वाहते.

तिथल्या बारमध्ये पेल्यासोबत चार घासांची बशी मिळते, तिला तापास म्हणतात. काकांची हयात गोंदियाच्या बाजारात पोत्यात हात घालून, चार दाणे चावून, "पाहून सांगतो" म्हणत पुढं सरकण्यात गेलेली. बशी पाहून त्यांना वाटलं, हा नमुना. खाल्लं, मान हलवली, निघाले. तिसऱ्या बारचा वेटर मागे धावत आला, तेव्हा त्याला म्हणाले, "अरे बाबू, मी तं चाखूनच राहिलो. सौदा कुठं झाला?" मुलीनं तिन्ही बारचे पैसे देऊन, हात जोडून मिटवलं.

परत आल्यापासून काका भाषणं देतात. "लोक फुटपाथवर उभे, हातात बशी. जज बी अन् हमाल बी. याले म्हणतात शहर." शेवटी मी विचारलं, "मग आपल्या स्टेशन रोडचे ठेले हटवा, या अर्जावर पहिली सही कोणाची?" तिकडची ती संस्कृती, इकडचं ते अतिक्रमण. दाताखाली खडा आल्यासारखं काकांनी तोंड केलं; सही त्यांचीच होती.

त्या ठेल्यांपैकी एक मुंगवडेवाल्या मावशीचा. तिचं घर त्यावरच चालतं. काका वर्षानुवर्षं तिच्यासमोरून मोटारीची काच चढवून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र येऊन उभे राहिले.

"काऊन शेठ, ठेला उठवाले आले का?" मावशीनं विचारलं.

"खायाले आलो."

वडा तोडला, सवयीनं डोळे मिटून चावला. "पाहून सांगतो" म्हणाले नाहीत. दुसरी बशी मागितली.

मग अर्जावरची सही मागे घ्यायला नगरपालिकेत गेले. कारकून म्हणाला, "एक नाव कमी झाल्यानं अर्ज थांबत नाही, शेठजी. सोमवारी सुनावणी आहे."

आता दुखऱ्या गुडघ्यांनी काका रोज संध्याकाळी तिथं उभे असतात. बशी हातात, शेजारी कोणी नाही. एकट्या माणसाचं शहर होत नाही, हे त्यांना तिकडेच कळलं असावं. सोमवारच्या आधी या. त्यांच्या बाजूला उभे राहा, एक बशी खा, आणि ठेले राहू द्या म्हणून मावशीनं वाटीखाली दाबून ठेवलेल्या कागदावर काकांच्या नावाखाली सही करा.