जागा वाढली

इकडे परदेशात, आमच्या शॉमबर्गमध्ये, मंगलाष्टकं बेतून मिळतात असं मी सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या शेजारच्या शरयूवहिनी तोच व्यवसाय करतात. वधूवरांची, आईवडिलांची, आजोळची नावं कळवायची. आठवड्याभरात त्या नावांची मंगलाष्टकं, गाऊन रेकॉर्ड केलेली, तुमच्या फोनवर हजर. नावं हातात पडली की त्यांची कुरकुर मात्र सुरू होते. गेल्या वसंतात इशिता नावाच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर आली. नवरा मुलगा ख्रिस्तोफर.

"काय हो भाऊजी, याच्या आईबापांना नाव ठेवताना वृत्ताचा जरा विचार करता आला नाही?"

मी मान हलवली. त्यांचा पहिला श्रोता नेहमी मीच असतो, कारण मी मत देत नाही. हे लिहायलाही दुसरं कुणी असतं तर बरं झालं असतं, पण सगळं समोर घडलं ते माझ्याच.

प्रत्येक रेकॉर्डिंगमागे जी पेटी वाजते ती श्रीरंगची. श्रीरंग म्हणजे वहिनींचे यजमान, माझा मित्र. जायच्या आधी एका हिवाळ्यात त्याने तळघरात बसून मंगलाष्टकांची चाल, नुसती पेटीवर, एका दमात वाजवून ठेवली होती. वहिनी शब्द दर वेळी नवे लिहितात, पेटी तीच. जिवंतपणी श्रीरंगला एखाद्या लग्नाला न्यायचं म्हणजे कपड्यांपासून भांडण असायचं. आता तो न कुरकुरता प्रत्येक लग्नात वाजवतो.

ती पेटी आणि बाकी सगळं काम वहिनींनी एका पांढऱ्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. त्या तिला डबी म्हणत. डबी हल्ली कटकट आवाज करायला लागली होती. त्यांचा मुलगा अनीश लांब एडिसन शहरात असतो, कॉम्प्युटरमध्येच आहे. त्याने किती वेळा सांगितलं, आई, क्लाउडवर टाक.

"ढगात? नको. एक माणूस वर पाठवलाय तेवढा पुरे."

शेवटी अनीशने आपली एक वापरलेली काळी डबी पोस्टाने पाठवली आणि पांढरीतलं काळीत कसं घ्यायचं ते शिकवलं. काळीत त्याच्या लेकीच्या, अनयाच्या, सगळ्या वाढदिवसांचे व्हिडिओ आधीच ठाण मांडून बसले होते, हे तो विसरला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच पोहे खात होतो.

"आई, काय झालं कॉपीचं?"

"अरे, काळ्या डबीतली जागा वाढली."

"वाढली? ऑसम! मग ती पांढरी इरेज कर आणि रिसायकलला देऊन टाक. एनीवे मरायलाच टेकलीय ती."

वहिनींना जरा नवल वाटलं. पण मुलगा त्यातला जाणकार. जागा वाढली हे ऐकूनही असं सांगतोय, म्हणजे काहीतरी विचार केलाच असणार. त्यांनी पांढरी डबी पुसली आणि लायब्ररीबाहेरच्या जुन्या वस्तूंच्या पेटाऱ्यात टाकून आल्या.

इशिताची मंगलाष्टकं गायला बसल्या तेव्हा कळलं. काळ्या डबीत अनया होती, अर्धीमुर्धी मंगलाष्टकं होती. पेटी नव्हती. अनीशला फोन लागला.

"पण आई, तूच म्हणालीस जागा वाढली!"

"वाढली म्हणजे वाढली! घरात तांदूळ वाढले की आपण काय करतो? दुकानात जातो ना?"

"तांदूळ वाढले म्हणजे एक्स्ट्रा झाले ना?"

"अरे देवा! संपले म्हणू नये म्हणून वाढले म्हणायचं! तरीच लहानपणी तुला सांगायची, मीठ वाढलंय, येताना आण. आणि तू हात हलवत यायचास!"

"आय थॉट यू वेअर जस्ट टेलिंग मी!"

मी गालातल्या गालात हसलो. मग वहिनींचा चेहरा पाहिला आणि थांबलो. पूर्वीची रेकॉर्डिंग्ज गिऱ्हाइकांकडे होती, पण त्यांत पेटीवर वहिनींचा आवाज चढलेला. नुसती पेटी कुठेच नाही.

"दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेता येईल," मी म्हणालो.

"येईल की," वहिनी म्हणाल्या. "पण मग मी गाणार नाही."

मग स्वयंपाकघरात पाल दिसावी तशा दचकून म्हणाल्या, "डब्लिनचा विवेक!"

ओहायोतल्या डब्लिनच्या सावनीचं लग्न वहिनींच्या पहिल्या ऑर्डरींपैकी. तिच्या मामांना, म्हणजे विवेकरावांना, मंगलाष्टक स्वतः म्हणायची दांडगी हौस. सरावाला म्हणून त्यांनी नुसती पेटी मागून घेतली होती. लग्नात ते असे गायले की गुरुजींनी मध्येच अक्षता उडवल्या. तेव्हापासून वहिनी त्यांचा फोन उचलत नसत. आता स्वतःच लावला.

"शरयूताई! आज कशी आठवण? पेटी ना, आहे की. गाडीत लावून रोज ऑफिसला जाताना म्हणतो."

"तेवढी पाठवता का हो?"

"लगेच! पण आधी ऐका. खूप सुधारणा आहे."

वहिनींनी फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि ऐकलं. दोनदा "वा" सुद्धा म्हणाल्या. तिसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा टाकायला उठलो.

चहा होईपर्यंत फाइल आली. वहिनींनी ती लावली. आधी खोकला. मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग श्रीरंग: "हं, शरयू, घे. आणि घाई करू नकोस. पळून जात नाहीये मी कुठे."

हा भाग वहिनींनी आपल्या प्रतीतून केव्हाच कापून टाकला होता. गिऱ्हाइकाला कशाला बाप्याचं बोलणं. विवेकरावांकडे गेलेली प्रत त्याच्या आधीची.

पेटी सुरू झाली. वहिनींनी पदराने चष्मा पुसला.

"खोटारडा," त्या म्हणाल्या.

इशिताच्या लग्नात त्यांनी तेवढं कापलं नाही. हॉलभर श्रीरंग म्हणाला, घाई करू नकोस, आणि लोक हसले. त्यांना वाटलं ते ख्रिस्तोफरसाठीच आहे.

आता पेटी चार ठिकाणी आहे. एक प्रत ढगातही गेली. डबी भरली की वहिनी अनीशला "फुल" असं इंग्रजीत सांगतात. "संपली" अजून तोंडातून निघत नाही. चौथी प्रत विवेकरावांकडे. प्रत नीट वाजते का ते अधूनमधून तपासलं नाही तर तो बॅकअप नव्हेच, असं अनीशचं म्हणणं. विवेकरावांनी ते फार मनावर घेतलंय. दर महिन्याला ते फोन करून तपासून दाखवतात, सगळी कडवी.

वहिनी फोन स्पीकरवर टाकतात, आणि मी चहा टाकायला उठतो.