सुक्या म्हातारा कधी झाला

बासष्ट साली तलासरीत म्हातारपणाच्या अभ्यासासाठी एक खोली उभी राहिली. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक अशा तिघांना पैसे एकत्रच मिळाले होते, म्हणून वजनकाटाही एकच. मी तिथला कंपाउंडर. म्हातारं म्हणायचं कोणाला, यावरूनच तिघांची रोज जुंपायची आणि माझं डोकं उठायचं.

शेवटी मीच ताडगोळे काढणाऱ्या सुक्याला धरून आणलं. केस पांढरेफटक, तोंडाचं बोळकं झालेलं. याच्यावरून तरी वाद नको! पण तो काट्यावर चढेचना.

"म्हातारी माझी आय. ती घरात असताना मी कसा म्हातारा?" असं म्हणून तो निघून गेला आणि समोरच्या ताडावर सरसर चढला.

प्राध्यापक म्हणाले, त्याचं बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, साफ चूक. खरं कोणाचं, मला काही कळेना.

दिवाळीनंतर एका सकाळी सुक्या आपणहून आला आणि थेट काट्यावर उभा राहिला.

"डाक्टर, आता तपास मला. मी म्हातारा झालो."

डॉक्टर हसले. "कधीपासून रे?"

"कालपासून," सुक्या म्हणाला. "काल आय गेली."