गार हवेची पेटी

रामजी जाधवाचा कोणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो कोणापासून लपवतही नसे. परळच्या एका गिरणीत तो पत्र्याचं काम करी. दुधात पाणी आहे का हे दूधवाल्यासमोरच बोट बुडवून बघे. शेजाऱ्याने पेढा दिला तर आधी कशाबद्दल ते विचारी. खोलीला कुलूप लावलं की दोनदा ओढी आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा ओढी. "एक दिवस आरशात बघून पण विचाराल, हा कोण उभा आहे म्हणून," असं त्याची बायको कमळाबाई म्हणायची. माणूस वाईट नव्हता. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून दारूला शिवला नव्हता, आणि चाळीत कोणाची बादली गळली तर कथिलाचा डाग देऊन फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण परत देताना सांगायला चुकायचा नाही, "आता चांगली आहे. उद्या फुटली तर माझ्या नावानं ओरडू नका."

अशा माणसाला एकच दोस्त होता, गुणाजी. हा मूळचा मालवणकडचा, राहायला लालबागला, आणि पोटासाठी एक म्हातारी विलायती मोटार टॅक्सी म्हणून चालवायचा. सपाटीवर ती बरी चाले. मलबार हिलच्या चढणीला मात्र अर्ध्यातच धापा टाकू लागे, आणि पाशिंजर शिव्या देत उतरून चालू लागत. गुणाजीला तीन मेकॅनिकांनी तीन वेगळी कारणं सांगितली होती. रामजीच्या मते तिघेही चोर होते.

एका रविवारी रामजीने स्वतः बॉनेट उघडलं, इंजिनावर हात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे, हिला श्वास कुठनं घ्यायला ठेवलंय बघ. इंजिनाच्या डोक्यावरनंच. भट्टीतली हवा खाते बिचारी, मग चढंल कशी?"

"मग काय करूचा?" गुणाजीने विचारलं.

"बाहेरची गार हवा आणून द्यायची. आमच्या साच्याखात्यात देतात तशी."

रामजीची सगळी विद्या इथे होती. गिरणीत साच्याखात्याच्या, म्हणजे जिथे कापड विणणारे साचे चालत त्या खात्याच्या, छताखालून पत्र्याचे मोठे नळ गेले होते. पंखे त्यांतून दमट हवा सोडायचे, कारण कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. ते नळ बांधण्यात रामजीची अठरा वर्षं गेली होती. चांगली हवा म्हणजे गार आणि ओली हवा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने मोटारीच्या पुढच्या जाळीमागे पत्र्याचं नरसाळं बसवलं, तिथून हातभर लांबीचा नळ काढला आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवती पत्र्याची पेटी केली. पेटीत ओल्या गोणपाटाचा एक पातळ तुकडा लावला आणि झाकण डाग देऊन बंद केलं. आत काय आहे ते गुणाजीलाही सांगितलं नाही. गिरगावातले मेकॅनिक हुन्नर चोरतील, ही भीती. ओल देण्यासाठी वर एक बारीक भोक ठेवलं होतं, त्याला बुचासारखी लाकडी गुडदी.

आणि गाडी चढली. चौपाटीपासून वरच्या बागेपर्यंत न थांबता चढली. गुणाजी वर पोचल्यावर खाली उतरून गाडीच्या पाया पडला. रामजीने फक्त आजूबाजूला कोण बघतंय ते पाहून घेतलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. नोव्हेंबर सत्तावन्नच्या शेवटी पंतप्रधान प्रतापगडावर येणार आणि समितीने तिथे काळी निशाणं दाखवायची ठरवलेली. मुंबईतून जे मिळेल त्या वाहनाने माणसं निघाली. गुणाजीनेही टॅक्सी द्यायचं कबूल केलं, ते रामजीच्या पेटीच्या भरवशावर. घाट आहेत म्हणून रामजीने आदल्या दिवशी झाकण उघडून गोणपाट चौपदरी केलं, नळाखाली चांगलं भिजवलं आणि पुन्हा डाग दिला.

गाडीत आणखी दोघे बसले. एक रघुवीर, लालबागचा चहावाला, मनाने मोकळा आणि तोंडाने त्याहून मोकळा. दुसरा राजाराम, गिरगावातल्या एका वाडीत राहणारा, विमा कचेरीतला कारकून, समितीच्या शाखेने पाठवलेला. त्याच्याकडे वही होती. कोणत्या गाडीत कोण बसलं, कुठे किती वाजता पोचलं, हे शाखेने टिपायला सांगितलं होतं. तसं त्याने बसतानाच सांगितलंही. पण पांढऱ्या सदऱ्यातला, वहीत टिपणं करणारा माणूस बघून रामजीला लगेच संशय आला. त्या वर्षी प्रत्येक सभेत पोलिसांचे साध्या वेषातले लोक असत, हे शेंबडं पोरही जाणत होतं.

"ही पेटी कसली हो?" राजारामने पनवेलला विचारलं. "आत काय घातलंय?"

"हवा," रामजी म्हणाला.

खोपोलीला चहासाठी थांबले. रामजीने वरच्या भोकातून लोटाभर पाणी ओतून गुडदी लावली आणि बॉनेट उघडंच ठेवून तिघे हॉटेलात शिरले. राजाराम मागे राहिला. रामजीने बशीवरून नजर उचलली, तर तो इंजिनावर वाकून, पेटीला बोट लावून बघत होता. रामजीने चहा तसाच ठेवला.

खंडाळ्याच्या घाटात तिसऱ्या वळणावर गाडी खोकली, दोन धक्के देऊन थांबली. गुणाजीने रेडिएटर पाहिला. पाणी उकळलं नव्हतं.

"रामजी, पेटी फोडूया. तुझ्या पेटयेतच कायतरी अडाकलाहा."

"पेटीला हात लावायचा नाही." रामजी राजारामकडे वळला. "यानं काहीतरी केलंय. खोपोलीला हाच एकटा मागं होता. गाड्यांची, माणसांची नावं कोणासाठी लिहितो विचार त्याला. हा पोलिसांचा माणूस आहे."

राजाराम हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग तिघांची तोंडं बघून त्याचं हसू गेलं. "अहो, कारागिरी छान वाटली म्हणून बघत होतो," तो म्हणाला. रामजीने नजर वळवली.

त्याच वेळी गिरगावहून निघालेला एक ट्रक घोषणा देत मागून आला आणि बंद गाडी बघून थांबला. रघुवीरने लगेच ओरडून सांगितलं, "आमच्या गाडीत पोलिसांचा माणूस निघाला." ट्रकातल्या लोकांनी राजारामला ओळखलं. कोणी काही विचारलं नाही. एकजण थुंकला, आणि ट्रक निघून गेला. राजारामने वही खिशात घातली आणि घाट उतरून चालत खोपोलीकडे निघाला.

तो वळणाआड गेल्यावर गुणाजीने रामजीला न विचारता छिन्नीने पेटीचं झाकण उडवलं. आत चार पदरी गोणपाट होतं. पनवेलपासूनची धूळ त्या ओलीवर बसून त्याचा चिखल झाला होता, आणि इंजिनाने तो अख्खा लगदा ओढून आपल्याच नरड्यात घेतला होता. गुणाजीने बोटाने तो खरवडून काढला आणि रामजीच्या हातावर ठेवला.

"मोटार म्हणजे साचो नाय रे," तो एवढंच म्हणाला.

गोणपाट काढल्यावर गाडी घाट सरसर चढली. रामजीचा नळ चांगला होता, पेटी चांगली होती. ते प्रतापगडाच्या वाटेवर पोचले, त्यांनी काळी निशाणंही दाखवली. पण रामजीला त्या दिवसातलं काही धड आठवत नसे. त्याला सारखी एक पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसत राही, आणि स्वतःची भयंकर लाज वाटत राही. परतताना खोपोलीला त्याने सगळी हॉटेलं पालथी घातली. राजाराम सापडला नाही.

ट्रक मात्र परत गिरगावात पोचला होता. आठवड्याने गुणाजीने बातमी आणली. शाखेने राजारामकडून वही काढून घेतली होती. वाडीतले लोक तो जिन्यात दिसला की बोलणं थांबवत होते. त्याच्या बायकोला, सुनंदाला, नळावर कोणी पुढे होऊ देत नव्हतं.

रामजीने दोन रात्री कमळाबाईला काही सांगितलं नाही. तिसऱ्या सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "मग जा की," म्हणाली. "बोललात तेव्हा चारचौघांत बोललात ना?"

रविवारी तो गिरगावात गेला. राजारामच्या वाडीत चौकात माणसं उन्हाला बसली होती. राजाराम वर गॅलरीत एकटा उभा होता. रामजी चौकाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. पेटी त्याचीच, गोणपाट त्याचंच, चूक त्याचीच, आणि राजाराम पोलिसांचा माणूस नाही, हे त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सुनंदा दाराशी येऊन ऐकत होती.

तो थांबल्यावर चौकातल्या एका म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हे बोलायला तुला कोणी पाठवलं?"

रामजी उभाच राहिला. त्या म्हाताऱ्याच्या जागी तो असता, तर त्याने हेच विचारलं असतं. वर गॅलरीत राजारामने सुनंदाला आत घेतलं आणि दार लावलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला.