पडद्याकडे पाठ करून पाहिलेलं पब्लिक

थिएटरात नोकरी केली म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "मग काय, फुकटात भरपूर पिक्चर बघितले असतील!" आता याला काय सांगू? अठरा वर्षं मी डोअरकीपर होतो आणि एकही पिक्चर सलग बघितला नाही. डोअरकीपरची पाठ पडद्याकडे आणि तोंड पब्लिककडे. हातात बॅटरी. कोण बोलतंय, कोण बिडी ओढतंय, कोणी पुढच्या खुर्चीवर पाय टाकलेत, हे बघत फिरायचं आणि "ओ पाहुणे, आवाज कमी!" म्हणत राहायचं. पिक्चर शुक्रवारी बदलायचा, पब्लिक दर शोला बदलायचं. मग किस्से साचणार नाहीत तर काय! जुने दोस्त भेटले की एक सांगायला जातो आणि त्याच्या मागे पाच बाहेर पडतात.

सत्तर-ऐंशीच्या काळातलं नाशिक. आमचं थिएटर रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर. खाली स्टॉल, वर बाल्कनी, बाल्कनीचा अर्धा भाग फक्त बायकांचा. नऊशे खुर्च्या. मॅनेजर पिंगळेसाहेब, केबिनमध्ये ऑपरेटर रहीमभाई, बायकांच्या दारावर शेवंताबाई आणि खाली मी. चौघांनी मिळून नऊशे माणसांना गप्प बसवायचं! जमलं असं म्हणणार नाही. उलट कित्येकदा मीच आ वासून बघत राहिलो.

* * *

लासलगावला कांद्याचा लिलाव बरा झाला की तिकडची मंडळी तीनच्या शोला यायची. एका ट्रॉलीतून चाळीस माणसं! आणि प्रत्येकाच्या खिशात भाजक्या शेंगा. पडद्यावर हिरॉईन आईच्या उशाशी बसून हळू आवाजात मनातलं सांगतेय, आणि हॉलमध्ये कडाम् कुडूम्, कडाम् कुडूम्! बाल्कनीतून ओरडा, "अरे, पिक्चर बघायला आलात की गिरणी चालवायला?"

शेवटी पिंगळेसाहेबांनी पाटी लावली, 'आत शेंगा फोडण्यास सक्त मनाई आहे.'

पुढच्या खेपेला मंडळी आली. त्यांच्यातला एक म्हातारा, सगळे त्याला तात्या म्हणायचे, त्यानं पाटी दोनदा वाचली आणि मला विचारलं, "फोडायला मनाई हाय. खायला तर नाय ना?"

"खायला नाही," मी म्हणालो.

तात्या मागे वळला. "बसा रे!"

चाळीसच्या चाळीस माणसं पायऱ्यांवर मांडी घालून बसली. शोला वीस मिनिटं होती. कोणी बोलेना, नुसते हात चालू! वीस मिनिटांत सगळ्या शेंगा सोलल्या, दाणे रुमालात बांधले आणि आत जाऊन तीन तास चिडीचूप. इतकं शिस्तीचं पब्लिक मी तोवर बघितलं नव्हतं.

फक्त पिंगळेसाहेब ऑफिसात अडकले. टरफलांचा ढीग त्यांच्या दारासमोर झाला होता आणि ते दार बाहेर उघडायचं!

* * *

हा अगदी छोटा. सिन्नरकडचे एक आजोबा, भलाथोरला लाल फेटा बांधून स्टॉलच्या मधोमध बसले. मागचा ओरडला, "ओ बाबा, फेटा काढा, काही दिसत नाही!"

आजोबा म्हणाले, "फेटा उतरवायचा तो कुणाच्या मयतीला. तू असं कर, माझ्या जागेवर ये." आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसले. मग त्याच्या मागचा ओरडला. आजोबांनी त्यालाही आपली जागा दिली. असं करत करत इंटरव्हलपर्यंत आजोबा शेवटच्या भिंतीला माझ्या शेजारी उभे! मला फार वाईट वाटलं. म्हटलं, खुर्ची आणतो.

आजोबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "नको. हितून लय भारी दिसतं. आधीच सांगायचं ना!"

* * *

द्राक्षबागांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं नाशिकला यायची. एका रविवारी त्यातली बाराजणं मॅटिनीला आली आणि अगदी पुढच्या लायनीत बसली. त्यांच्यात यमुना नावाची एक तरुण बाई. पडद्यावर कोणी काही बोललं की ही लगेच आपल्या बोलीत मोठ्यानं सांगणार. मागून तक्रारी सुरू. "ओ डोअरकीपर, त्या बाईला गप्प करा!"

मी बॅटरी मारत गेलो. "बाई, लोकांना त्रास होतोय."

ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी दोन वर्षं मुंबईला बांधकामावर होते, मला हिंदी कळतं. ह्यांना कळत नाय. मी गप राहिले तर ही सगळी विचारतील. मग अकरा आवाज होतील. आता एकच हाय!"

मी बॅटरी बंद केली आणि मागे आलो.

पुढे नवाबसाहेबांचा सीन लागला. नवाबसाहेब चांगली पाच मिनिटं बोलले. सगळं जड उर्दू! हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. ते थांबले, आणि त्या शांततेत यमुना एवढंच म्हणाली, "पोरगी देत नाय."

सगळा स्टॉल हसून लोळला! आणि इंटरव्हलनंतर मघाचाच तक्रारवाला मागून ओरडतोय, "ओ ताई, जरा मोठ्यानं सांगा!" पाच मिनिटांचं ती चार शब्दांत आणायची, आणि मुद्दा कुठे सुटायचा नाही. चांगल्या चांगल्या शिकलेल्यांना नाही जमत.

शेवटी कोर्टाचा सीन. वकील दहा मिनिटं हातवारे करून बोलला. संपल्यावर सगळ्यांच्या माना पुढच्या लायनीकडे. यमुना गप्प. शेवटी कोणीतरी विचारलंच, "ताई, काय म्हणाला?"

"काय नाय," ती म्हणाली. "नुसता बोलतो."

* * *

आता शेवंताबाई. तान्ही मुलं घेऊन बायका पिक्चरला यायच्या. येणार नाहीत तर काय, घरी कोणाकडे ठेवणार? मूल रडलं की खालून पुरुष ओरडायचे, "ए, पोराला बाहेर ने!" बिचारी आई शरमेनं अर्धमेली व्हायची. कित्येकजणी तशाच उठून घरी जायच्या. शेवंताबाईंना ते सहन व्हायचं नाही.

त्यांनी स्वतःच एक पद्धत काढली. मूल रडलं की अंधारात जाऊन आईच्या मांडीवरून अलगद उचलायचं आणि बाहेर व्हरांड्यात आणायचं. तिथे जुन्या पिक्चरचा कापडी बॅनर चौघडी करून अंथरलेला. त्यावर मुलं ओळीनं! एका शोला मी सात मोजली. एकही रडत नव्हतं. बाई मधोमध बसून एकाला थोपटतायत, दुसऱ्याला पायानं हलवतायत. मी म्हटलं, "बाई, कोणतं कोणाचं हे ध्यानात कसं राहतं?"

"रडण्यावरून," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचा सूर वेगळा."

मला ते खरं वाटेना. पण इंटरव्हलला सात आया आल्या आणि प्रत्येकीच्या हातात बरोबर तिचंच मूल! फक्त एकजण मुलाकडे बघत घाबरून म्हणाली, "अहो बाई, हा माझा नाही!"

शेवंताबाई म्हणाल्या, "तुझाच आहे. झोपलाय म्हणून ओळखू येत नाही!"

* * *

बाजारातला एक दादा होता. चार साथीदार घेऊन यायचा, पुढच्या खुर्चीवर पाय टाकायचा आणि पिक्चरभर मोठमोठ्यानं गप्पा. त्याला बोलायची माझी हिंमत नव्हती. पिंगळेसाहेबांचीही नव्हती. साहेब वर बाल्कनीत जाऊन बसायचे आणि दिसलं नाही असं करायचे.

नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले गायकवाड गुरुजी एका बुधवारी मॅटिनीला आले होते. पांढरा सदरा, मांडीवर छत्री, किरकोळ देह. दादाच्या गप्पा चालू. गुरुजींनी दहा मिनिटं सहन केलं. मग मागे न बघताच खणखणीत आवाज लावला, "कोण बोलतंय ते? उभा राहा!"

मी बॅटरी लावली. आणि काय सांगू! दादा उभा. त्याचे चार साथीदार उभे. पण तेवढंच नाही. डावीकडे एक बँकेतला कारकून उभा, मागे दोन रिक्षावाले उभे, कोपऱ्यात एक सोनार बायकोशेजारी उभा! वीसेक माणसं अंधारात हात बाजूला घेऊन ताठ उभी. इतकी वर्षं त्या माणसानं या शहराला शिकवलं होतं!

गुरुजींनी शांतपणे मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "हं. आता बसा. आणि तोंडावर बोट."

सगळे बसले. एकजण मात्र बसेना. गुरुजींनी वर बघून हाक मारली, "पिंगळे, तूसुद्धा बस!"

* * *

इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये मजुरी करणारा एक खलाशी होता, दगडू. एखादा पिक्चर आवडला की पंधरा-पंधरा वेळा बघायचा. मग डायलॉग तोंडपाठ! हिरो बोलायच्या आधी हा बोलणार. शेजारचे वैतागायचे. मी त्याला इतक्या वेळा बाहेर काढलं की पुढे पुढे मी नुसती बॅटरी दाखवली की तो आपणहून उठायचा.

एका दुपारी ऐन रंगात आलेल्या सीनला आवाजच गेला. चित्र चालू, आवाज बंद! रहीमभाई मशीनशी झटतायत, आणि हॉलमध्ये शिव्या, पायांची आदळआपट, खुर्च्या तोडायला सुरुवात. मी पिंगळेसाहेबांकडे धावणार, तेवढ्यात दगडू खुर्चीवर उभा राहिला आणि बोलायला लागला. पडद्यावर ओठ हलायला आणि याचा शब्द पडायला एकच गाठ! हिरोचा भारदस्त आवाज, हिरॉईनचा नाजूक, म्हाताऱ्या बापाचा खोकल्यासकट. आईच्या मरणाचा सीन आला. दगडूनं आईचे शेवटचे शब्द असे म्हटले की वर बायका हुंदके द्यायला लागल्या. आठशे माणसं श्वास रोखून एका खलाशाचं ऐकत होती.

वीस मिनिटांनी रहीमभाईंनी मशीन दुरुस्त केलं आणि पडद्यावरून खरा आवाज आला.

सगळं पब्लिक एकदम ओरडलं, "ए, आवाज बंद करा!"

* * *

काशिनाथ टांगेवाल्याची शिट्टी सगळ्या नाशिकला माहीत होती. दोन बोटं तोंडात घातली की तीन वळणांची अशी काही निघायची की कानठळ्या बसाव्यात. हिरोच्या एन्ट्रीला त्यानं मारली की अर्धा डायलॉग कोणाला ऐकू यायचा नाही. पिंगळेसाहेबांनी त्याला निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता एक जरी शिट्टी वाजली तरी या थिएटराचं दार तुला कायमचं बंद."

रविवार, तीनचा शो, हाऊसफुल्ल. त्या दिवशी काशिनाथ शहाण्यासारखा बसला होता. हिरो आला, गेला, तरी शिट्टी नाही. आणि अचानक केबिनमध्ये फिल्म अडकून पेटली. झरोक्यांतून काळा धूर हॉलमध्ये यायला लागला. रहीमभाईंनी हात भाजून घेत रीळ ओढून काढलं आणि मेन स्विच पाडला. मिट्ट काळोख. कोणीतरी किंचाळलं, "आग!"

नऊशे माणसं एकदम उठली. खुर्च्यांचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. मी दार उघडलं, पण समोरून माणसांचा लोंढा असा आला की माझी बॅटरी हातातून पडली. कोणाचं तरी मूल खाली कुठेतरी रडत होतं. मला कळून चुकलं, आता दोन मिनिटांत इथे माणसं तुडवली जाणार.

आणि शिट्टी वाजली. तीच, तीन वळणांची.

लोक सवयीनं थबकले. त्या अंधारात काशिनाथचा आवाज आला, "अरे, मारामारी अजून व्हायचीय! चालले कुठं?"

एकजण हसला. मग दुसरा.

"ऐका रे! एक शिट्टी म्हणजे एक लाइन. दाराजवळची लाइन पहिली. पोरं कडेवर घ्या. बाकीच्यांनी खाली बसा!" आणि लोक बसले! धुरात, अंधारात, खोकत बसले. शिट्टी वाजली, एक लाइन माझ्या शेजारून बाहेर गेली. परत शिट्टी, परत एक लाइन. वरून शेवंताबाई ओरडल्या, "काशिनाथ, माझ्या बायकांचं काय?"

"तुम्हाला दोन शिट्ट्या, बाई!"

एरवी बायकांकडे बघून कोणी शिट्टी मारली असती तर शेवंताबाईंनी चप्पल काढली असती. त्या दिवशी दोन शिट्ट्यांवर बायकांची एकेक लाइन जिन्यावरून उतरली. कोणी पडलं नाही, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यांत शेवटी काशिनाथ बाहेर आला. धुरानं डोळे लाल, चेहरा पांढराफटक.

पिंगळेसाहेबांनी पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले. काशिनाथनं नुसती मान हलवली आणि रस्त्यापलीकडे उभ्या केलेल्या आपल्या टांग्याकडे गेला. वर चढला, लगाम धरला आणि घोडा हाकायला दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा आली. परत घातली. ओठ इतके थरथरत होते की शिट्टी निघेना. घोड्यानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

काशिनाथ खाली उतरला, घोड्याला लगामाशी धरलं आणि पायीपायी पंचवटीकडे चालायला लागला. रस्त्यावर नऊशे माणसं उभी होती. त्यांनी वाट करून दिली.